खाडीचा वास नेमका कुणाचा? रंग आणि आयसोटोपची साक्ष

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करायची आहे.

ट्रॉम्बेवरच्या आधीच्या एपिसोडमध्ये मी एक वाक्य फार ठसक्यात फेकलं होतं. म्हटलं होतं, "ओहोटीला खाडीवरून सडक्या अंड्यांचा जो वास येतो, ती कंपन्यांनी आपल्याला दिलेली भेट आहे." त्या क्लिपला लाइक्स भरपूर आले. मग ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एका मावशींचा व्हॉइस मेसेज आला, नातवाच्या फोनवरून. जेमतेम पंधरा-सोळा सेकंदांचा. "पोरा, माझी आजी या चिखलात उतरायची तवापण चिखल असाच वास मारायचा. तवा कुठं होत्या कंपन्या?"

मेसेज मी चार-पाच वेळा ऐकला. पोटात गोळाच आला. दिवसभर ऑफिसमध्ये मी काय करतो? कुणी म्हणालं की "सिस्टीम स्लो आहे, डेटाबेसचाच घोळ असणार", तर मी विचारतो, "लॉग दाखव." आणि इथे माइकसमोर बसून मी नुसत्या वासावरून निकाल दिला होता. लॉग बघितलाच नव्हता.

तर आजचा एपिसोड त्या लॉगबद्दल आहे. माणूस हजर नसताना पाण्यात काय घडलं, याची नोंद कोण ठेवतं? उत्तर जरा विचित्र आहे. सूर्यप्रकाशावर जगणारे काही जीवाणू, त्यांचे रंग, आणि अणूंच्या वजनातला बारीकसा फरक.

आधी वासाचं बघू. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. खारफुटीच्या चिखलात पानं, मुळं, मेलेले किडे-खेकडे कुजतात. कुजताना ऑक्सिजन संपतो, आणि चिखलात तो वरून थोडाच झिरपतो. मग आत राहणारे काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वास घेतात. आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते जोडीला हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच वायू चिखलातल्या लोखंडाशी जुळला की काळा आयर्न सल्फाइड बनतो. वरचा करडा थर पायाने उकरला की खालून काळाकुट्ट चिखल निघतो ना, तो यामुळे. म्हणजे मावशी बरोबर होत्या. खारफुटी आहे तिथे हा वास असणारच, जवळ एकही धुराडं नसलं तरी.

पण थांबा. म्हणून कंपन्या आणि गटारं सुटली का? मुळीच नाही. खाडीत सांडपाणी गेलं की कुजायला आणखी माल मिळतो, ऑक्सिजन आणखी लवकर संपतो, आणि तोच वायू आणखी तयार होतो. निसर्गानेही तोच वास येतो आणि घाणीनेही तोच. गोची हीच आहे. नाकाला दोन्ही सारखेच, त्यामुळे वास हा पुरावा होऊ शकत नाही. दुसरा साक्षीदार शोधायला हवा.

त्यासाठी मागे जाऊ, १८८० च्या दशकात. नेदरलँड्समध्ये थिओडोर एंगेलमान जांभळ्या जीवाणूंवर सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत प्रकाश टाकून बघत होता. जीवाणू विशिष्ट रंगांच्या पट्ट्यात गोळा व्हायचे. त्यांना प्रकाश हवा होता, पण झाडांसारखा ऑक्सिजन ते सोडत नव्हते. साधारण त्याच काळात रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करत होता. त्याच्या नावाचा प्रयोग आजही कॉलेजात करतात, आणि तुम्ही घरी करू शकता. एका उंच बरणीत चिखल, थोडा कागदाचा लगदा, अंड्याचा बलक, पाणी. झाकण लावून खिडकीत ठेवायची. काही आठवड्यांनी काचेवर थर दिसू लागतात: खाली काळा, त्यावर हिरवा, त्यावर जांभळा. (आईला आधी सांगून ठेवा. वासाबद्दल मी जबाबदार नाही.)

या हिरव्या-जांभळ्या मंडळींचं गणित १९३१ साली कॉर्नेलिस व्हान नील या डच शास्त्रज्ञाने मांडलं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बसून. झाड पाणी फोडतं आणि ऑक्सिजन सोडतं. हे जीवाणू पाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड फोडतात आणि ऑक्सिजनच्या जागी गंधक सोडतात. कारखाना तोच, कच्चा माल वेगळा. यावरून त्याने तर्क केला: मग झाडांनी सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येत नसणार, पाण्यातूनच येत असणार. शाळेत आपण ते सहज पाठ केलं, पण त्यामागे दुर्गंधी चिखलातले हे जीवाणू होते.

आता योगायोग बघा. त्याच १९३१ साली अमेरिकेत हॅरल्ड युरीने जड हायड्रोजन शोधला, म्हणजे ड्युटेरियम. १९३४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आणि इथे ट्रॉम्बे गोष्टीत येतं.

ट्रॉम्बे-मानखुर्दच्या पोरांसाठी "आयसोटोप" हा शब्द घरचा आहे. टेकडीपलीकडे १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था सुरू झाली, १९५६ च्या ऑगस्टमध्ये अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६० मध्ये सायरस आली, आणि १९६७ पासून संस्थेला होमी भाभांचं नाव लागलं. समोरच्या बंदरात १९५९ साली स्कँडियम-४६ हा किरणोत्सारी आयसोटोप वापरून, उपसलेला गाळ पुन्हा कुठे वाहत जातो हे शोधलं गेलं होतं. म्हणून लहानपणी आमच्या डोक्यात पक्कं होतं: आयसोटोप म्हणजे किरणं, किरणं म्हणजे धोका, पिवळी पाटी, आत जायचं नाही.

पण सायरसमध्ये वापरलेलं जड पाणी आठवा. त्यातलं ड्युटेरियम किरणं सोडत नाही. ते फुटत नाही, झिजत नाही, फक्त जरा जड असतं. अशांना स्थिर आयसोटोप म्हणतात, आणि ते तुमच्या-माझ्या अंगातसुद्धा आहेत. निसर्गातल्या दर शंभर कार्बन अणूंमध्ये साधारण एक कार्बन-१३ असतो, बाकीचे कार्बन-१२. नायट्रोजन-१५ तर हजारात तीन-चारच.

१९४१ मध्ये रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा स्थिर आयसोटोप घातलेलं पाणी शेवाळाला दिलं. बाहेर आलेल्या ऑक्सिजनमध्ये तीच जड खूण सापडली. व्हान नीलचा तर्क बरोबर निघाला. चिखलातले रंगीत जीवाणू आणि स्थिर आयसोटोप, या दोन गोष्टींची इतिहासातली ही पहिली मोठी भेट म्हणायला हरकत नाही.

आयसोटोप साक्ष कशी देतो, ते भेळेवरून सांगतो. चौघांत एक भेळ घेतली की आधी काय संपतं? शेव. प्लेटमध्ये नुसते कुरमुरे दिसले की न विचारता कळतं, खाणं बराच वेळ चाललंय. जीवाणूंचं तसंच. हलक्या अणूचा बंध तोडायला किंचित सोपा, म्हणून ते हलका अणू आधी उचलतात, आणि मागे उरतो तो माल जड होत जातो. हा फरक हजारात काही एवढाच असतो, पण मशीन तो मोजू शकतं.

साधनं कळली. आता थेट खाडीकडे जायला हवं. पण प्रोग्रामर लोकांना माहीत असेल, लाइव्ह सिस्टीममध्ये दहा गोष्टी एकदम बिघडल्या असतील तर बग सापडत नाही. आधी साधी, स्वच्छ टेस्ट केस बनवावी लागते. ट्रॉम्बेच्या खाडीत भरती-ओहोटी, सांडपाणी, कारखाने, भराव, मिठागरं असं सगळंच एकत्र. मला अशी जागा हवी होती जिथे यातलं फारसं काही नाही. ती सापडली सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. तिळारी धरण.

तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. सह्याद्रीच्या पायथ्याशी, भोवती जंगल, गोडं पाणी. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या सिबी कुरियन, एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी तिळारी आणि गोव्यातलं साळावली, या दोन जलाशयांच्या पाण्यातले रंग तपासले आणि २०१२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं.

हिवाळ्यात तिळारीचं वरचं पाणी थंड होऊन खाली उतरतं, सगळं ढवळलं जातं, तळापर्यंत ऑक्सिजन पोचतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं, खालचं थंड पाणी खालीच अडकतं. दोघांत जणू झाकण बसतं. खाली कुजणं चालूच, ऑक्सिजनचा पुरवठा बंद. मग ऑक्सिजन संपतो, नंतर नायट्रेट संपतं, आणि शेवटी तोच आपला ओळखीचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. जंगलातल्या स्वच्छ धरणाच्या पोटात!

आणि त्या काळोख्या पाण्यात त्यांना दोन रंगद्रव्यं सापडली: बॅक्टेरिओक्लोरोफिल-ई आणि आयसोरेनिएरॅटिन. दुसरं नाव जीभ वळवणारं आहे, मान्य. हे द्रव्य आधी जपानमध्ये एका स्पंजात मिळालं होतं, नाव त्या स्पंजावरून पडलंय. पण ते बनवतात हिरव्या गंधक-जीवाणूंच्या कुळातले तपकिरी भाऊबंद. त्यांना जगायला तीन अटी एकाच जागी लागतात: प्रकाश हवा, हायड्रोजन सल्फाइड हवा, आणि ऑक्सिजन नको. म्हणून हा रंग सापडला की तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. वास फक्त एक गोष्ट सांगतो, रंग तीन सांगतो.

प्रकाश तरी किती? जिथे हा रंग सर्वात दाट होता तिथे पृष्ठभागावरच्या उजेडाच्या फक्त ०.२ टक्के उजेड पोचत होता. हजारात दोन भाग! अंधारातच म्हणा ना. या जीवाणूंचे रंग नेमके तेवढा उरलासुरला प्रकाश पकडायला बनलेले असतात. त्याखाली सल्फाइड होता, पण उजेड नव्हता, म्हणून हे जीवाणूही नव्हते.

आता हा आकडा ऐका. जून महिन्यातल्या रंगावरून त्यांनी हिशेब केला. तिळारीत या तपकिरी जीवाणूंमध्ये साठलेला कार्बन होता दर चौरस मीटरला २.२७ ग्रॅम. आणि वरच्या उजेडात, नेहमीसारखा ऑक्सिजन सोडत जगणाऱ्यांचा? ०.८२ ग्रॅम. म्हणजे काठावर उभं राहून आपल्याला जे हिरवं जीवन दिसतं, त्याच्या पावणेतीनपट जीवन खाली, वास मारणाऱ्या पाण्यात. कुणाच्या फोटोत ते येत नाही.

मग आयसोटोप. २०१७ मध्ये प्रतिरूपा बर्धन, नक्वी आणि सहकाऱ्यांनी तिळारीच्याच पाण्यातल्या नायट्रेटचे आयसोटोप प्रसिद्ध केले. ऑक्सिजन भरपूर असताना नायट्रेटमधल्या नायट्रोजन-१५ चं माप होतं दर हजारी २ ते १०. हे माप हवेतल्या नायट्रोजनशी तुलना करून काढतात. उन्हाळ्यात खालचा ऑक्सिजन संपल्यावर ते चढत चढत २७ पर्यंत गेलं.

आता इथे माझ्यासारखा उतावळा माणूस फसतो. कारण मैलापाण्यातून आलेल्या नायट्रेटमध्येही नायट्रोजन-१५ जास्त असतं, साधारण १० ते २०. नुसता २७ हा आकडा दिसला असता तर मी लगेच एपिसोड केला असता: "जंगलातल्या धरणात मैला!" पण त्यांनी त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ सुद्धा मोजला होता. तो ५ ते ८ वरून २९ वर गेला. दोन्ही हातात हात घालून चढले. याचा अर्थ जीवाणू नायट्रेट फोडून खातायत आणि हलके अणू आधी उचलतायत. भेळेतली शेव संपत होती. बाहेरून कुणी काही आणून टाकलं नव्हतं.

एक आकडा आरोप करतो, दोन आकडे मिळून उलटतपासणी करतात. आज एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तर वाहून जातं, पावसाळ्यात सगळं ढवळलं जातं, मग नोंद टिकते कशी? जीवाणू मरतो, तळाशी जातो, गाळात पुरला जातो. रंग उडतो, पण रेणूचा सांगाडा टिकतो. दगडात सापडणाऱ्या त्या सांगाड्याला आयसोरेनिएरॅटेन म्हणतात. १९८६ मध्ये रॉजर समन्स आणि टी. जी. पॉवेल यांनी कोट्यवधी वर्षं जुन्या खडकांतल्या तेलांमध्ये अशा रेणूंचा माग काढला. ते याच जीवाणूंचे कशावरून? इथेही दुहेरी पुरावा. हे जीवाणू कार्बन पकडायला झाडांपेक्षा वेगळा मार्ग वापरतात, त्यामुळे त्यांच्या रेणूंत कार्बन-१३ जास्त उतरतं. रेणूचा आकार जुळला आणि वजनही जुळलं.

पुढे २००५ मध्ये क्लिटी ग्राइस आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या, सुमारे २५ कोटी वर्षं जुन्या खडकांत हेच सांगाडे मिळाले. पृथ्वीवरच्या सर्वात मोठ्या सामूहिक विनाशाचा तो काळ. म्हणजे तेव्हा समुद्रात उजेड पोचतो त्या वरच्या थरापर्यंत विषारी सल्फाइड आला होता. तिळारीत उन्हाळ्यापुरतं होतं तसंच काहीसं, पण समुद्रभर. तेव्हा बघायला माणूसच काय, डायनोसॉरसुद्धा नव्हते. नोंद राहिली ती एका रंगाची.

आता परत ट्रॉम्बेला.

खाडी तुम्ही फ्लेमिंगोंच्या रील्समध्ये पाहिली असेलच. तो गुलाबीसुद्धा उधारीचा रंग आहे. नील-हरित जीवाणू, शेवाळ आणि ते खाणारे बारीक जीव यांच्यातली कॅरोटिनॉइड द्रव्यं पक्ष्याच्या पिसांत उतरतात. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. म्हणजे एक रंग आपण जपायला घेतलाच आहे. दुसरे रंग चिखलात आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी दुर्बीण घेऊन येत नाही.

खाडीचा गाळ थरावर थर साठतो. १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर झालेल्या अणुचाचण्यांतून उडालेलं सीझियम-१३७ या गाळातही उतरलंय, आणि त्यावरून थराचं वय काढता येतं. म्हणजे चिखलाची एक उभी नळी काढली, की तळाशी मावशींच्या आजीचा काळ, मध्ये कारखाने आले तो काळ, वर आपला काळ. प्रत्येक थरात विचारायचं: कुठले रंग आहेत, नायट्रोजन किती जड, कार्बन किती जड. वास आधीपासून होता की नाही, हा प्रश्नच मग मागे पडतो. खरा प्रश्न असा: तो कधीपासून वाढला, आणि वाढला तेव्हा बरोबर काय बदललं?

तिळारीने मला एवढं शिकवलं की स्वच्छ पाणीसुद्धा आपोआप गुदमरू शकतं. पण ते दर हिवाळ्यात आणि पावसाळ्यात परत श्वास घेतं. आपल्या खाडीच्या प्रदूषणाची चौकशी करायची तर हा नैसर्गिक भाग आधी वजा करावा लागेल. तो वजा न करता आरोप केला, की समोरचा वकील म्हणणार, "साहेब, खारफुटीचा वास आहे, आजीच्या काळापासून येतो." आणि मावशींचं खरं वाक्य उलट त्यांच्याच विरोधात वापरलं जाणार. माझ्या त्या ठसकेबाज वाक्याने नेमकं हेच केलं असतं. म्हणून ते मी मागे घेतोय.

रेकॉर्डिंगच्या आधी मी मावशींना फोन केला. सगळं सांगितलं, भेळेसकट. म्हटलं, "मावशी, वासाबद्दल तुमचंच बरोबर होतं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "ते मला ठाऊकच होतं रे पोरा. मावरं कमी झालं ते कशानं, ते शोध आधी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

तुमच्यापैकी कुणी मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरणशास्त्र शिकत असाल आणि प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर हा घ्या. विषय घराजवळ आहे, ओहोटीला उघडा पडतो. जाताना एखाद्या कोळी माणसाला बरोबर घ्या, कारण पाय कुठे ठेवायचा हे त्यांनाच कळतं. आणि विनोग्राद्स्कीची बरणी करून बघितलीत तर फोटो नक्की पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर नाकावर विश्वास ठेवा, पण निकाल देण्याआधी लॉग बघा.